जुन्या धनुष्याला नवी दोरी: आधी मोजा, मग मागवा

गेल्या वैशाखात फोंड्याला मामांच्या घराची कौलं परतायला काढली, तेव्हा माळ्यावरून खाली आलेल्या पसाऱ्यात एक पेट्रोमॅक्स, दोन तांब्याची भाणं आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक धनुष्य निघालं. अमेरिकन बनावटीचं, मेपलच्या लाकडावर फायबरग्लासचे थर बसवलेलं, टोकं पुढे वळलेली. सत्तरच्या दशकात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात, परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडले म्हणून अंगावरच्या कपड्यांशिवाय सगळं विकायला बसलेल्या एका हिप्पीकडून मामांनी ते घेतलं होतं. बाण मारायचे म्हणून नव्हे. "लाकूड बरं दिसलं रे, म्हणून घेतलं," एवढंच त्यांचं म्हणणं.

धनुष्य सुंदर होतं. दोरी मात्र निळी नायलॉनची, ट्रॉलरवर असते तसली, दोन्ही टोकांना गाठी मारून बांधलेली. मूळ दोरी कधी तुटली, कुठे गेली, कुणालाच आठवत नव्हतं. मामा म्हणाले, "तू तिरंदाजी करतोस ना? मग याला चांगली दोरी बघ."

हे काम ऐकायला सोपं आहे. दुकानात जायचं, लांबी सांगायची, दोरी घ्यायची. प्रत्यक्षात जुन्या धनुष्याच्या बाबतीत इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात आणि पन्नास वर्षं टिकलेलं धनुष्य एका संध्याकाळी कामातून जातं. मी स्वतः यातला एक घोटाळा केला आहे, तो पुढे येईलच. गोव्यात जुन्या घरांतून, बोटीवरून परतलेल्या काकांच्या पेट्यांतून अशी धनुष्यं अधूनमधून निघतात, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. जुन्या धनुष्याची दोरी बाणाच्या वेगासाठी निवडायची नसते, धनुष्याच्या टोकांसाठी निवडायची असते.

धनुष्य दोरी चढवण्याजोगं आहे का?

दोरीवर पैसे घालण्याआधी धनुष्य तपासा. दिवसाउजेडी अंगणात बसा आणि कापसाचा बोळा दोन्ही लिम्बांच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवा. (लिम्ब म्हणजे मुठीच्या वरची आणि खालची लवचीक पाती. आपल्या लिंबाच्या झाडाशी संबंध नाही, पण नवख्या मुलांना हा शब्द ऐकून हसू येतंच.) कापूस जिथे अडकेल तिथे थांबा. फायबरग्लासचा तंतू उचकटलेला असेल, किंवा थर सुटायला लागला असेल. नख किंवा पातळ कागद थरांच्या मध्ये शिरत असेल तर त्या धनुष्याला दोरी चढवू नका. ते भिंतीवर शोभेल.

वार्निशवर जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका. जुनं वार्निश वाळून तडकतं, तो वरवरचा प्रकार आहे. लिम्बाच्या आडव्या दिशेने गेलेली, नखाला लागणारी रेषा मात्र वाईट. तसं धनुष्य ताणताना मोडू शकतं आणि त्याचा तुकडा तोंडावर येतो.

शेवटी टोकं बघा. दोरीचा फासा ज्या खाचेत बसतो ती खाच. तिच्या कडा गुळगुळीत हव्यात. धार लागत असेल तर अगदी बारीक पॉलिशपेपरची घडी करून ती धार तेवढी मोडा. खाच खोल करायची नाही. टोकावर वरून हाडाचा, शिंगाचा किंवा फायबरचा जाड थर चिकटवलेला आहे की नुसतंच लाकूड आणि पातळ काच आहे, हेही आत्ताच पाहून ठेवा. दोरी कशाची घ्यायची ते त्यावरून ठरणार आहे.

मामांच्या धनुष्याची टोकं बारीक होती, वर जाड थर नाही. नायलॉनच्या गाठीने एका बाजूला वार्निश घासलं होतं, पण लाकूड शाबूत होतं. नशीब.

अंगावरची अक्षरं

कारखान्यात बनलेल्या धनुष्यावर मुठीजवळ, बहुधा लिम्बाच्या पोटाकडच्या बाजूला, दोन आकडे असतात. (पोट म्हणजे आपल्याकडची बाजू, पाठ म्हणजे निशाणाकडची.) मामांच्या धनुष्यावर पुसट शाईत ६० इंच आणि ४५ पाउंड असं होतं, लांबीच्या शेजारी 'एएमओ' ही तीन अक्षरं. पाउंड हा शब्द लिहिलेला नसतो, आकड्याच्या पुढे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची खूण असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मॉडेल नंबर वाटतो.

४५ पाउंड म्हणजे दोरी २८ इंच ओढल्यावर हाताला जाणवणारा जोर, साधारण साडेवीस किलो. तुम्ही २८ इंच ओढालच असं नाही. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि त्याला अडीचने भागा, तुमची ओढ अंदाजे तेवढी. माझी येते २६. एका इंचामागे दोन-अडीच पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे मामांचं धनुष्य माझ्या हातात चाळिशीच्या आसपास. तरी दोरी निवडताना छापलेला ४५ हाच आकडा धरायचा. उद्या लांब हातांचा कुणी पाहुणा ते ओढून बघणारच.

एएमओ हे अमेरिकन तिरंदाजी साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेचं जुनं नाव. संघटनेने नाव बदललं, पण मोजमापाचा तिचा नियम जगभर तसाच चालू आहे. माझा घोटाळा झाला तो याच नियमात.

लांबी: तीन इंचांची गोम

नियम असा, की एएमओ ६० इंच लिहिलेल्या धनुष्याला लागणारी दोरी प्रत्यक्षात ६० वजा ३, म्हणजे ५७ इंचांची असते. ही लांबीही दोरी नुसती टेबलावर पसरून नव्हे, तर १०० पाउंडांच्या ताणाखाली मोजलेली. दोरी लांबीने धनुष्यापेक्षा कमी असते म्हणून तर धनुष्य वाकून राहतं.

गोंधळ होतो तो विकणाऱ्यांच्या लिहिण्यामुळे. काही जण पाकिटावर '६० इंच' लिहितात आणि त्यांचा अर्थ असतो '६० इंची धनुष्यासाठी', आत दोरी ५७ इंचांचीच. काही जण '६० इंच' लिहितात तेव्हा दोरीच खरोखर ६० इंचांची असते. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवली ती या दुसऱ्या प्रकारची निघाली. वर्णनात कुठेही खुलासा नव्हता आणि मीही विचारलं नाही. दोरी आली, धनुष्यावर चढलीसुद्धा, धनुष्य न वाकवताच! ओल्या लुगड्याच्या वलणीसारखी लोंबत होती. परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता, कारण त्याच्या मते त्याने मागितलं तेच दिलं होतं. तो चुकला नव्हता म्हणा.

म्हणून विचारताना एकच प्रश्न विचारा: "ही लांबी धनुष्याची, की ताणलेल्या दोरीची?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

धनुष्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर शिंप्याची टेप घ्या. दोरी उतरवलेल्या धनुष्याच्या पाठीवरून, वळणाला चिकटवून, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत मोजा. टेप सरळ रेषेत ताणायची नाही, वळणावरूनच न्यायची. आलेल्या आकड्यातून सरळ लिम्बांच्या लाँगबोला तीन इंच आणि वळलेल्या टोकांच्या रिकर्व्हला साडेतीन ते चार इंच वजा करा. नियमाप्रमाणे रिकर्व्हलाही तीनच, पण जुन्या रिकर्व्हना थोडी आखूड दोरी बऱ्याचदा जास्त मानवते, असा माझा आणि इतर अनेकांचा अनुभव आहे.

अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर कुठल्या बाजूला होऊ द्यायचा? लांब बाजूला. लांब दोरीला पीळ घालून आखूड करता येतं, आखूड दोरीला ओढून लांब करता येत नाही. मात्र यालाही मर्यादा आहे. साठ इंचांच्या धनुष्याच्या दोरीला वीस-तीस पीळ ठीक. त्यापुढे ती सुंभासारखी गुठळायला लागते.

हातात जुनी दोरी असेल तर ती फेकू नका. तिची लांबी घरीच मोजता येते. १०० पाउंड म्हणजे ४५ किलो आणि सिमेंटचं पोतं भरतं ५० किलो, म्हणजे जवळजवळ तेवढंच. मांगराच्या वाशाला पक्का खिळा, त्यात दोरीचा वरचा फासा. खालच्या फाशात लोखंडी सळीचा तुकडा घालून त्याला पोतं बांधायचं आणि जमिनीपासून चार बोटं वर उचलेल इतकंच लटकवायचं. मग वरच्या खिळ्याच्या बाहेरच्या कडेपासून खालच्या सळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. पाय पोत्याखाली नको. दोरी फारच कुजकी असेल तर हा खटाटोप करू नका, हाताने ताणून अंदाज घ्या.

दोरी कशाची?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या अध्यायात दोरीसाठी सहा वस्तू सांगितल्या आहेत: मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू आणि स्नायू. मूर्वा ही वनस्पती. तिच्या तंतूंची ती मौर्वी, म्हणूनच संस्कृतात धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणतात. अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग, वेणू म्हणजे बांबू. भिल्लांच्या कामठ्याला आजही बांबूच्या कामटीची दोरी असते. जुन्या मराठीत दोरीला चिल्ला म्हणत. शब्द फार्सी, पण शिवकाळात तो घरचाच झाला होता. शाळेत त्रिकोणमितीत 'ज्या' शिकलो ती ज्याही हीच, वर्तुळाच्या कमानीला बांधलेली दोरी.

आज प्रश्न दोनच घराण्यांतला आहे: डॅक्रॉन की डायनिमा.

डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. पन्नासच्या दशकात ते दोऱ्यांत आलं आणि तागा-अळशीच्या दोऱ्या मागे पडल्या. बी-५० आणि बी-५५ ही त्याची रोज ऐकू येणारी नावं. त्याचा गुण म्हणजे ते थोडं ताणतं. बाण सुटल्यावर दोन्ही लिम्ब पुढे झेपावतात आणि दोरी सरळ होताक्षणी त्यांना एकदम थांबवते. तो झटका कुठेतरी जायला हवा. डॅक्रॉन ताणून त्यातला बराच भाग स्वतःवर घेतं, बसच्या ब्रेकबरोबर दांडा धरलेला हात थोडा सैल सोडावा तसं.

डायनिमा, स्पेक्ट्रा किंवा बाजारात 'फास्ट फ्लाइट' नावाने ओळखली जाणारी दोरी जवळजवळ ताणतच नाही. हलकी, बारीक, जबर मजबूत. त्यामुळे बाण जास्त वेगाने जातो आणि झटका पूर्णच्या पूर्ण टोकांवर येतो. त्यात दोरी बारीक, म्हणजे तो सगळा जोर खाचेतल्या सुताएवढ्या जागेवर. हे धागे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिरंदाजीत आले. त्याआधीची धनुष्यं बनवणाऱ्याच्या डोक्यात अशी दोरी नव्हतीच. नंतर कारखानदार टोकं जाड, मजबूत करू लागले, पण ते सगळ्यांनी एकाच वर्षी केलं नाही.

म्हणून माझा नियम सोपा आणि थोडा भित्रा आहे. धनुष्य १९९० च्या आधीचं असेल, किंवा त्याचं वय माहीत नसेल, तर डॅक्रॉन. दुसरा विचार नाही. टोकावर जाड थर आहे म्हणून मोह झाला तरी बनवणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलेलं असल्याशिवाय डॅक्रॉनच. आमच्या ओळखीतल्या एकाने जुन्या लाँगबोला ऑलिम्पिक धनुष्यावरची उरलेली दोरी जुळवून बसवली. पाचव्या की सहाव्या बाणाला वरचं टोक खाचेपासून उभं चिरलं, खुरासारखं. आवाज ऐकून शेजारची कुत्री भुंकायला लागली. वेग काय मिळाला असेल? सेकंदाला थोडे फूट. पंधरा मीटरवरच्या पेंढ्याला त्याने काय फरक पडतो?

आता गोव्यातला मोह. मडगाव, वास्को, मालिम जेटीच्या आसपास मासेमारीच्या सामानाची दुकानं आहेत आणि तिथे दोऱ्यांचे असे काही रंग मिळतात की डोळे फिरतात. तीन गोष्टी लक्षात ठेवा. साधी नायलॉन दोरी अति ताणते. धनुष्याचा अर्धा जोर ती स्वतःच खाते आणि ब्रेस हाइट (चढवलेली दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर) रोज बदलते. गळाला लावायचा एकसंध पारदर्शक तार तर विसराच. आणि 'ब्रेड' नावाने मिळणारी मजबूत विणलेली बारीक दोरी बहुतेक वेळा त्याच डायनिमा-स्पेक्ट्रा जातीची असते, म्हणजे जे टाळायचं तेच. काथ्या आणि सुती दोरीचं बोलायलाच नको.

किती धागे, कसला फासा

दोरी अनेक धाग्यांची मिळून बनते. डॅक्रॉनसाठी सर्वसाधारण हिशोब असा चालतो: २५ ते ३५ पाउंडांना १० धागे, ३५ ते ४५ ला १२, ४५ ते ५५ ला १४ आणि त्यावर ऐंशीपर्यंत १६. सीमेवरच्या आकड्याला मी वरचा गट घेतो. मामांचं धनुष्य ४५ चं, म्हणून १४. दोन धागे जास्त असल्याने दोरी किंचित जड होते आणि बाण किंचित मंद. पण जाड फासा टोकावर पसरून बसतो आणि जुन्या खाचेला तेच हवं.

उगाच अठरा-वीस धागे मात्र नकोत. दोरी बाणाच्या नॉकमध्ये (शेपटाकडच्या खाचेत) मावत नाही आणि लोक नॉकच कानशीने घासत बसतात.

घडण दोन प्रकारची. 'एंडलेस' दोरीत एकच धागा गोलगोल फिरवून दोन्ही टोकांना दोऱ्याचं वेष्टण घालून फासे करतात. 'फ्लेमिश' दोरीत धाग्यांचे दोन-तीन पदर एकमेकांत पिळून, दोरखंडाला डोळा पाडतात तसा फासा वळतात. जुन्या धनुष्याला मी डोळे झाकून फ्लेमिश सांगतो. तिचा फासा जाड आणि मऊ असतो, आणि पीळ वाढवून-कमी करून लांबी सहज जुळवता येते. लांबीचा अंदाज थोडा चुकला असेल तर हीच सोय कामी येते.

फाशांची मापंही सांगा. वरचा फासा मोठा हवा, कारण दोरी उतरवल्यावर तो लिम्बावर खाली सरकून राहतो. खालचा लहान. रिकर्व्हच्या टोकाजवळ पोटावर दोरी बसायची एक पन्हळ असते, तिची रुंदीही मोजून ठेवा. फार जाड दोरी पन्हळीत बसत नाही आणि बाजूला सरकते.

मागणी कशी लिहायची

आपल्याकडच्या तिरंदाजीच्या दुकानांत ६६, ६८, ७० इंचांच्या दोऱ्या सहज मिळतात, कारण स्पर्धेची धनुष्यं त्याच मापांची. ५२ ते ६२ इंचांची शिकारी धाटणीची जुनी धनुष्यं त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकीत नसतात. त्यामुळे बनवूनच घ्यावी लागते आणि मागणी लिहूनच द्यावी. फोनवर नको. मी शेवटी पाठवला तो मजकूर असा:

"जुन्या रिकर्व्ह धनुष्यासाठी एक फ्लेमिश दोरी हवी. धागा फक्त डॅक्रॉन, बी-५० किंवा बी-५५, फास्ट फ्लाइट चालणार नाही. १४ धागे. धनुष्य एएमओ ६० इंच, ४५ पाउंड. दोरीची ताणाखालची प्रत्यक्ष लांबी ५७ इंच. वरचा फासा मोठा, खालचा लहान. मधलं सर्व्हिंग नायलॉनचं. अशाच दोन दोऱ्या."

सर्व्हिंग म्हणजे दोरीवर, बाण लावतात त्या मधल्या भागात, घातलेलं दोऱ्याचं वेष्टण. दोऱ्या दोन का, ते शेवटी सांगतो.

चढवताना

स्ट्रिंगर वापरा. दोन चामडी टोप्या आणि त्यांना जोडणारी दोरी, एवढंच ते साधन, पण त्याशिवाय जुन्या धनुष्याला हात लावू नका. धनुष्य दोन पायांच्या मधून अडकवून मांडीवर वाकवायची जी मर्दानी पद्धत सिनेमात दिसते, तिने लिम्बाला पीळ बसतो. पन्नास वर्षांच्या लिम्बाला बसलेला पीळ सहसा जात नाही.

मोठा फासा वरच्या लिम्बावर सरकवून ठेवा, लहान खालच्या खाचेत बसवा. स्ट्रिंगरची मोठी टोपी खालच्या टोकाला, छोटी वरच्या लिम्बावर. स्ट्रिंगरच्या दोरीवर पाय ठेवून मूठ सरळ वर उचला आणि वरचा फासा खाचेत सरकवा. हळूहळू सोडा. सोडण्याआधी दोन्ही फासे खाचेत पूर्ण बसलेत का ते डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपून नव्हे. चेहरा धनुष्याच्या रेषेतून बाजूला.

मग धनुष्य डोळ्यासमोर धरून दोरीच्या रेषेत पाहा. दोरी दोन्ही टोकांच्या मधोमध, पन्हळीतून जाताना दिसली पाहिजे. एका बाजूला कलत असेल तर फासा नीट बसलेला नाही किंवा लिम्ब पिळलेला आहे.

आता ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. जुने लोक हाताची मूठ धनुष्याच्या मुठीवर ठेवून अंगठा ताठ उभा करत. अंगठ्याचं टोक दोरीला लागलं की झालं. हे माप सात इंचांच्या आसपास येतं आणि लाँगबोला चालतं. साठ इंचांच्या रिकर्व्हला साडेसात ते साडेआठ हवं. कमी असेल तर दोरी उतरवून पीळ वाढवा, फ्लेमिशच्या मूळ पिळाच्याच दिशेने. उलट दिशेने घातलात तर फासाच उसवायला लागेल. चार-पाच पीळ घाला, चढवा, मोजा. एका दमात वीस नकोत, कारण दोरी पाव इंच आखूड झाली तरी ब्रेस हाइट त्याच्या कितीतरी पट वर सरकते.

पहिल्या दिवशी मामांच्या धनुष्याची ब्रेस हाइट आठ इंचांवर लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडेसातवर आलेली. बिघाड नव्हे. नवं डॅक्रॉन बसतं. तास-दोन तास चढवून ठेवा, सावकाश चार-सहा इंच ओढून परत आणा (हातातून सोडायची नाही, बाणाशिवाय दोरी सोडणं म्हणजे धनुष्य मोडायचं आमंत्रण), मग पन्नासेक बाण मारा आणि पुन्हा पीळ घाला. दोन-तीनदा केलं की दोरी स्थिरावते. त्यानंतर अर्धा इंच वर, अर्धा इंच खाली करून बघा. एका ठिकाणी धनुष्याचा आवाज मंद, गोल होतो आणि मुठीतला थरथराट कमी होतो. ते त्याचं घर. आकडा लिहून ठेवा.

बाण दोरीवर किती घट्ट बसतो तेही याच वेळी पाहा. बाण दोरीला लावून टोक खाली करून लटकवा. तो स्वतःच्या वजनाने पडू नये, पण दोरीवर टिचकी मारताच सुटावा. सुटत नसेल तर मधलं सर्व्हिंग जाड झालंय, ते उलगडून बारीक नायलॉनने पुन्हा गुंडाळा. दोरीवर नॉक लावायची जागा, बाण दोरीशी काटकोनात राहील त्या बिंदूपासून पाऊण ते सव्वा सेंटिमीटर वर ठेवून सुरुवात करा.

मामांच्या पोरसात पेंढ्याचे चार भारे रचून आम्ही पहिला बाण मारला. मागे चिऱ्यांची भिंत नको होती, त्यावर आपटून बाण फुटतो आणि उलटाही येतो, म्हणून भारे टेकडीच्या उताराला टेकवले. मामांनी ओढलं, जेमतेम बावीस इंच, आणि बाण पेंढ्यात रुतल्यावर काही न बोलता पुढचा मागितला.

आपल्या हवेत

डॅक्रॉनला पावसाची फारशी भीती नाही, धनुष्याला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात वार्निशवर पांढरी बुरशी धरते. मेणकापडातून बाहेर काढा. रोज दोरी उतरवा. धनुष्य कोपऱ्यात उभं करू नका, खालचा लिम्ब वाकतो. भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, शक्यतो आतल्या भिंतीवर, कारण बाहेरची पावसाळ्यात ओल धरते. आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवून मिरामारला भटकायला जाऊ नका. आतली उष्णता थरांचा गोंद सैल करते.

दोरी खरखरीत लागली की मधमाशीचं मेण लावून बोटांच्या उष्णतेने घासा, सर्व्हिंग सोडून. धागा एक जरी तुटलेला दिसला, फाशाजवळ केस उभे राहिले किंवा सर्व्हिंग सरकायला लागलं तर दोरी बदला. तुटलेला धागा गाठ मारून चालवायचा नाही.

बांबूच्या देशी धनुष्यालाही हेच सगळं लागू, फक्त तिथे खाचा हाताने कोरलेल्या असतात, त्यामुळे धार मोडायचं काम जास्त. आणि हाती आलेलं धनुष्य भिल्लांचं, मूळ बांबूच्या दोरीसह असेल तर नवी दोरी घालूच नका. ते तसंच ठेवा.

आता दुसरी दोरी. तीही चढवून, पन्नास बाण मारून, पीळ जुळवून घ्या आणि मगच काढून ठेवा. नाहीतर ऐन वेळी काढलेली कोरी दोरी पुन्हा दोन दिवस ताणत राहते. काढताना फासे आपोआप उलगडून पीळ निसटतो, म्हणून दोन्ही फासे सुतळीने एकत्र बांधा आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवीत एक चिठ्ठी. मामांच्या धनुष्याच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात आहे: "६० इंच, ४५ पौंड. दोरी ५७, डॅक्रॉन, १४ धागे. अंतर ७ पूर्णांक ७/८. निळी दोरी लावू नये."